सेंटॉस ७ वरच्या ३८ साइट हलवायच्या आहेत : अल्मा, डेबियन की उबुंटू?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मिरजेत माझं छोटं दुकान आहे, वेबसाइट करून देणं आणि त्या सांभाळणं हा धंदा. दोन वाचनालयं, चार शाळा, डॉक्टर मंडळी, द्राक्ष बागायतदारांचा एक गट, तीन दिवाळी अंक असं मिळून ३८ साइट एकाच व्हीपीएसवर (भाड्याच्या आभासी सर्व्हरवर) आहेत. दोन कोअर, चार जीबी रॅम, ८० जीबी डिस्क, सर्व्हर मुंबईत. २०१७ साली सेंटॉस ७ हे लिनक्सचं ओएस (ऑपरेटिंग सिस्टिम) टाकलं, कारण तेव्हा होस्टिंगवाले बहुतेक तेच टाकायचे. सात वर्षं त्याने मला एकदाही रात्री उठवलं नाही.

३० जून २०२४ ला त्याचा आधार (सुरक्षेचे पॅच, म्हणजे दुरुस्त्या, मिळणं) संपला हे मला माहीत होतं. या महिन्यात हलवू, पुढच्या महिन्यात हलवू असं करत सव्वा वर्ष गेलं. परवा एक पॅकेज टाकायला यम (सॉफ्टवेअर उतरवायची आज्ञा) चालवलं तर मिररलिस्टचा, म्हणजे पॅकेजं मिळायच्या ठिकाणांच्या यादीचा, पत्ताच सापडत नाही म्हणून ते थांबलं. त्याच आठवड्यात एका वाचनालयाच्या साइटवर कुणीतरी परकी पानं घुसवली. ती जुन्या प्लगइनमधून आली होती, ओएसचा दोष नव्हता. पण त्या दिवसापासून झोप नीट नाही. लोकांनी विश्वासाने साइट माझ्या हवाली केल्यात.

आता नवीन सर्व्हर घ्यायचा हे नक्की. त्यावर कुठलं लिनक्स टाकू, अल्मा, डेबियन की उबुंटू? शिवाय एका पतसंस्थेला त्यांचं एएसपी डॉट नेटमधलं (मायक्रोसॉफ्टच्या तंत्रातलं) दैनंदिन ठेवींचं सॉफ्टवेअर ऑनलाइन करून हवंय. तेही याच सर्व्हरवर बसेल का?

रात्रपाळी

दादा, आधी चार प्रश्नांची उत्तरं द्या. पीएचपीच्या (साइट ज्या भाषेत लिहिल्यात तिच्या) कुठल्या आवृत्त्या चालू आहेत? पॅनेल (ब्राउझरमधून सर्व्हर सांभाळायचा पडदा) आहे की सगळं हाताने? मेल याच सर्व्हरवर आहे का? आणि तुम्ही आठ दिवस गावाला गेलात तर सर्व्हरकडे कोण बघतं?

चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. पुण्यात एका कंपनीत मी बारा वर्षं हेच काम करतेय. ओएस वाईट निघालं म्हणून सर्व्हर बुडालेला मी पाहिलेला नाही. ज्याने तो उभा केला तो माणूस निघून गेला आणि मागच्याला त्यातलं काही कळेना, म्हणून बुडालेले मात्र पाहिलेत.

नवीन वाचकांसाठी थोडा इतिहास. सेंटॉस म्हणजे रेड हॅट कंपनीच्या लिनक्सची फुकट प्रतिकृती. २०१४ च्या जानेवारीत रेड हॅटने तो प्रकल्प आपल्या पंखाखाली घेतला. सेंटॉस ८ सप्टेंबर २०१९ मध्ये आलं आणि ते २०२९ पर्यंत चालणार होतं. ८ डिसेंबर २०२० ला जाहीर झालं की ते २०२१ च्या अखेरीसच संपेल आणि पुढे फक्त सेंटॉस स्ट्रीम राहील. स्ट्रीम हे रेड हॅटच्या पुढच्या आवृत्तीचं अंगण आहे, प्रतिकृती नव्हे. ज्यांनी मोठ्या हौसेने ७ वरून ८ वर उडी मारली होती, सगळ्यात आधी त्यांचंच नुकसान झालं. दहा वर्षांच्या भरवशावर केलेलं काम दोन वर्षांत पुन्हा करावं लागलं. त्यातून अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स उभे राहिले, दोन्ही २०२१ मध्ये. रॉकी सुरू करणारे ग्रेगरी कुर्ट्झर हे सेंटॉसच्याही संस्थापकांपैकी. अल्मामागे आधी क्लाउडलिनक्स कंपनी होती, आता ना-नफा फाउंडेशन आहे.

कृष्णाकाठ

ताई, उत्तरं देतो. ३१ साइट पीएचपी ७.४ वर, चार ५.६ वर (तीन दिवाळी अंक आणि एक शाळा), बाकी नुसती एचटीएमएल. पॅनेल आहे, खात्यांच्या संख्येवर भाडं देतो. मेल इथेच, साधारण ९० पत्ते. आणि मी नसताना दुकानात एक मुलगा असतो. तो पॅनेलमधून पासवर्ड बदलून देतो, मेलचा पत्ता उघडून देतो. आज्ञा टाइप करायची काळी खिडकी दिसली की तो हात लावत नाही, आणि मीही त्याला लावू देत नाही.

मांडवीतीर

माझं मत सरळ डेबियन. फोंड्यात दोन सर्व्हर आहेत, एक २०१५ पासून. डेबियन ८ टाकलं होतं, आज त्याच सर्व्हरवर १२ आहे. मधल्या चारही पायऱ्या जागेवरच चढलो, नव्याने काही टाकावं लागलं नाही. दर वेळी रिलीज नोट्स शांतपणे वाचायच्या, बॅकअप घ्यायचा, सोर्सेसच्या फाइलमधलं नाव बदलायचं आणि अपग्रेड द्यायचा.

डेबियन कुठल्याही कंपनीच्या मालकीचं नाही ही माझ्यासाठी भावनेची गोष्ट नाही, हिशेबाची आहे. २०२० मध्ये जे सेंटॉसचं झालं ते इथे कुणाच्या संचालक मंडळात ठरू शकत नाही. १९९३ पासून स्वयंसेवक चालवताहेत. तीन वर्षं मुख्य आधार, पुढची दोन वर्षं एलटीएसचा (दीर्घ मुदतीच्या आधाराचा) गट पॅच देतो. १३ नंबरचं ट्रिक्सी ऑगस्ट २०२५ मध्ये आलंय, त्यात पीएचपी ८.४ आहे. बुकवर्ममध्ये, म्हणजे १२ मध्ये, ८.२. जुनी पीएचपी लागली तर सुरी नावाच्या रेपोमधून (पॅकेजांच्या साठ्यातून) ५.६ सुद्धा शेजारी बसवता येते. फक्त एक लक्षात ठेवा, ५.६ चा आधार खुद्द पीएचपीवाल्यांनी २०१८ च्या अखेरीस थांबवलाय. ओएस नवीन घेतलं म्हणून ती सुरक्षित होत नाही.

पॅनेलवाला

मांडवीतीर, तुमचं सगळं खरं, पण दादांच्या दुकानातला मुलगा विसरू नका. त्याला पॅनेल लागणार. सीपॅनेल नावाचं पॅनेल डेबियनवर बसतच नाही. अल्मा, रॉकी, क्लाउडलिनक्स नाहीतर उबुंटू एलटीएस. तेव्हा पॅनेल कुठलं हे आधी ठरवा, निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

मी स्वतः अल्मा ९ वर आहे. मे २०२२ मध्ये आलं, सुरक्षेचे पॅच ३१ मे २०३२ पर्यंत. जुन्या पॅनेलमधून नव्या पॅनेलमध्ये खाती ओढून घ्यायचं साधन आतच असतं : मेल, डेटाबेस, फाइली सगळं एकत्र येतं. ३८ खात्यांना मला एक रात्र पुरेल. नवं १० सुद्धा आलंय, पण नव्या आवृत्तीवर पॅनेल आणि प्लगइनवाले स्थिरावेपर्यंत मी थांबतो. रेड हॅट १० ला प्रोसेसरही तुलनेने नवा लागतो. जुन्या व्हीपीएसवर ते उठणारच नाही. अल्माने जुन्या प्रोसेसरसाठी वेगळी बांधणी ठेवलीय, ही त्यांची आवडलेली गोष्ट.

नवखा_नागपूर

अल्मा आणि रॉकीत नेमका फरक काय? दोन्ही तेच ना?

रात्रपाळी

२०२३ च्या जूनपर्यंत जवळपास तेच होतं. त्या महिन्यात रेड हॅटने सांगितलं की त्यांच्या लिनक्सचा सोर्स (मूळ कोड) यापुढे ग्राहकांनाच मिळेल, बाहेर फक्त स्ट्रीमचा. त्यानंतर रॉकीने जशीच्या तशी प्रतिकृती करायचा हट्ट कायम ठेवला. अल्माने जुलैमध्ये ठरवलं की रेड हॅटवर चालणारं सॉफ्टवेअर आपल्यावर चाललं पाहिजे, पण प्रत्येक चूकही तशीच ठेवायची सक्ती नको. त्यामुळे त्यांना एखादी दुरुस्ती आधी देता येते. वेब होस्टिंगला दोन्हीत रोजच्या कामात फरक जाणवत नाही.

जागेवरच अपग्रेडचं विचारण्याआधी सांगते. अल्माचं एलिव्हेट नावाचं साधन सेंटॉस ७ वरून ८ वर नेतं. रिकाम्या सर्व्हरवर मी ते वापरलंय, चालतं. पण ९० मेलपत्ते आणि ३८ साइट असताना वापरू नका. महिनाभर दोन सर्व्हरचं भाडं भरा. जुना तसाच उभा असला की माणूस घाबरत नाही, आणि घाबरलेल्या माणसाच्या हातून चुका होतात.

विदर्भएक्सप्रेस

उबुंटूबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. २४.०४ एलटीएस, पीएचपी ८.३, आधार २०२९ पर्यंत. काहीही अडलं की उत्तर शोधताना दहातली आठ पानं उबुंटूचीच निघतात, नवख्याला याचा मोठा आधार. पण एक गोष्ट आधीच समजून घ्या : पाच वर्षांचे पॅच मुख्य रेपोतल्या पॅकेजांना आहेत. युनिव्हर्स नावाच्या भागातल्या पॅकेजांची तशी हमी उबुंटू प्रोमध्ये मिळते. वैयक्तिक वापरासाठी ते पाच यंत्रांपर्यंत फुकट आहे. मला हे तीन वर्षांनी कळलं, तोवर माझ्या निम्म्या गोष्टी युनिव्हर्समधल्या होत्या.

हिशेबनीस

पतसंस्थेच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण हेच काम करतो. दादा, आधी त्यांच्या सॉफ्टवेअरवाल्याला विचारा : डॉट नेट फ्रेमवर्क की नवीन डॉट नेट? नवीन असेल, म्हणजे २०१६ नंतरचं डॉट नेट कोअर किंवा त्याच्या पुढचं, तर ते लिनक्सवर चालतं. एसक्यूएल सर्व्हर हा मायक्रोसॉफ्टचा डेटाबेसही २०१७ पासून लिनक्सवर आहे. पण पतसंस्थांची बहुतेक सॉफ्टवेअर वेब फॉर्म्सची (जुन्या डॉट नेट फ्रेमवर्कमधली) असतात, आणि वेब फॉर्म्सला विंडोज आणि त्याचा वेब सर्व्हर आयआयएस यांच्याशिवाय गत्यंतर नाही.

तसं असेल तर वेगळा विंडोज सर्व्हर घ्या आणि त्याचं भाडं पतसंस्थेकडून वेगळं घ्या. २०१२ आर२ चा आधार ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला, २०१६ चा १२ जानेवारी २०२७ ला संपतोय. त्यामुळे स्वस्तात मिळतंय म्हणून २०१६ घेऊ नका, २०२२ घ्या, ते ऑक्टोबर २०३१ पर्यंत आहे. आणि रिमोट डेस्कटॉपचं दार जगाला उघडं ठेवू नका. फक्त तुमच्या दुकानाच्या आयपीला किंवा व्हीपीएनमधून. लोकांच्या घामाच्या ठेवी आहेत त्या. रोज शंभर रुपये भरणारी भाजीवाली त्या डेटाबेसमध्ये आहे, एवढं डोळ्यासमोर ठेवून काम करा.

मांडवीतीर

पॅनेलचा मुद्दा मान्य. पण ‘जुनं म्हणजे धोकादायक, नवं म्हणजे सुरक्षित’ असा समज होऊ नये म्हणून दोन उदाहरणं.

२९ मार्च २०२४ ला आंद्रेस फ्रॉइंड यांनी एक्सझेड या फाइली दाबून लहान करायच्या साधनातला चोरदरवाजा उघड केला. एसएसएचने (दुरून सर्व्हरमध्ये शिरायच्या सोयीने) आत शिरायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, एवढ्या शंकेवरून त्यांनी खोदत नेलं. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत तो होता. डेबियनच्या टेस्टिंगमध्ये (चाचणीच्या शाखेत) आणि फेडोराच्या येऊ घातलेल्या आवृत्तीत तो पोचला होता. डेबियन स्टेबल, रेड हॅट आणि उबुंटू एलटीएस वाचले, कारण त्यांच्यात जुनी आवृत्ती होती.

उलट उदाहरण १ जुलै २०२४ चं. ओपनएसएसएचमधला (एसएसएच चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधला) रिग्रेशन नावाने गाजलेला दोष, सेंटॉस ७ संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी जाहीर झाला. सेंटॉस ७ मध्ये ओपनएसएसएच ७.४ होतं, त्याला तो लागूच नव्हता. डेबियन १२, उबुंटू २२.०४ आणि रेड हॅट ९ ला होता. पण त्या तिघांना लगेच पॅच मिळाला. सेंटॉस ७ त्या वेळी नशिबाने वाचलं. पुढचा दोष त्याला लागू असेल तेव्हा पॅच देणारं कुणी नाही. म्हणून आवृत्तीचा आकडा बघू नका, मागे कोण जागं आहे ते बघा.

शाईची_दौत

ओएसवर सगळे बोलले, पण दादा, तुमच्या साइट मराठी आहेत आणि २०१७ च्या आधीपासूनच्या आहेत. तुमची खरी परीक्षा डेटाबेसमध्ये आहे. मी एका जुन्या साहित्यविषयक साइटचं स्थलांतर केलं तेव्हा नव्या सर्व्हरवर पान उघडलं आणि सगळीकडे डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ आणि जपानी येनचं चिन्ह. चार हजार कविता तशा झालेल्या. हात गार पडले होते.

काय झालेलं असतं ते सांगते. जुन्या टेबलांचं कॅरेक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) लॅटिन१, म्हणजे रोमन अक्षरांचं, असतं आणि जुन्या पीएचपीचं कनेक्शनही लॅटिन१. आपलं देवनागरी अक्षर यूटीएफ-८ मध्ये (सगळ्या लिप्या चालतात त्या पद्धतीत) तीन बाइटचं. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशा पाच खुणा, म्हणजे पंधरा बाइट. डेटाबेस त्यांना पंधरा रोमन अक्षरं समजून ठेवतो आणि तशीच परत देतो, म्हणून पान वर्षानुवर्षं बरोबर दिसतं. नव्या सर्व्हरवर नवी पीएचपी यूटीएफ-८ चं कनेक्शन मागते आणि बिंग फुटतं. खूण अशी : प्रत्येक अक्षराच्या जागी तो रेघवाला ‘ए’, आणि दीर्घ वेलांटी, उकार, मात्रा, पाय मोडल्याची खूण जिथे असेल तिथे येन. असं दिसलं तर घाबरू नका, मजकूर शाबूत असतो.

उपाय : डंप (डेटाबेसची फाइलीत काढलेली प्रत) घेताना कॅरेक्टर सेट मुद्दाम लॅटिन१ सांगा, म्हणजे बाइट जसेच्या तसे बाहेर येतात. मग त्या फाइलमध्ये टेबलांसमोरचं लॅटिन१ बदलून यूटीएफ८एमबी४ (डेटाबेसमधलं पूर्ण यूटीएफ-८) करा आणि आयात करताना कनेक्शनही तेच सांगा. साध्या पद्धतीने डंप घेतलात तर बिघाड दुहेरी होतो. म्हणून पॅनेलचं आपोआप स्थलांतर होऊ द्या, पण मराठी डेटाबेस एकेक उघडून बघा.

अजून एक. लॅटिन१ मधला २५५ अक्षरांचा कॉलम म्हणजे मराठीच्या फक्त ८५ खुणा. माझ्याकडे १७ लेखांची शीर्षकं शेवटच्या अक्षराच्या मधोमध तुटलेली निघाली. ती छापील अंक समोर ठेवून हाताने भरली.

हिशेबनीस

याला जोडून : पावत्या किंवा दाखले सर्व्हरवर पीडीएफ करत असाल तर नव्या सर्व्हरवर देवनागरी फॉन्ट टाका. मिनिमल इन्स्टॉलमध्ये नसतो. एका शाळेच्या बोनाफाइडवर नावांच्या जागी चौकोन छापून आले होते. लोहित देवनागरी अल्मातही मिळतो आणि डेबियनमध्येही.

रात्रपाळी

आणि लॉग, म्हणजे सर्व्हरच्या नोंदी. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस जपायचे आहेत आणि घुसखोरीची घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायची आहे. जुने लॉग काढून टाकणारं लॉगरोटेट मुळात चार आठवडेच ठेवतं, डेबियनवर अपाचे या वेब सर्व्हरचे तर चौदा दिवस. कुठलंही ओएस घ्या, हा आकडा पहिल्याच दिवशी बदला. वाचनालयाच्या साइटवर पानं घुसली तेव्हा कुठून घुसली हे तुम्हाला लॉगमुळेच कळलं असणार ना?

हाताने सर्व्हर उभा करणाऱ्यांसाठी एवढंच : अल्मावर सीलिनक्स (लिनक्सचा सुरक्षेचा पहारा) बंद करू नका. घरच्या फोल्डरमधून फाइली हलवल्या की ४०३ (प्रवेश नाही) येतं, कारण जुनं लेबल फाइलीबरोबर येतं. रिस्टोरकॉन ही लेबल दुरुस्त करायची आज्ञा चालवा, दोन सेकंदांत सुटतं. सीपॅनेल मात्र सीलिनक्स बंद ठेवायला सांगतं, तिथे इलाज नाही.

कृष्णाकाठ

मंडळी, तीन आठवड्यांनी परत आलो. सगळं झालं, म्हणून सविस्तर सांगतो.

अल्मा ९ घेतलं, पॅनेल तेच ठेवलं. ताईंच्या चौथ्या प्रश्नाने माझा निर्णय केला. मनातून मला डेबियन आवडलं, मांडवीतीर, आणि माझ्या बॅकअपच्या सर्व्हरवर मी ट्रिक्सीच टाकलंय, तो एकट्याने बघायचा आहे. पण ज्या सर्व्हरवर माझ्या मागे दुकानातल्या मुलाला काम करावं लागणार, तिथे त्याला ओळखीचा पडदा दिसायला हवा.

आदल्या दिवशी सगळ्या डोमेनचा टीटीएल (जुना पत्ता लक्षात ठेवायची मुदत) पाच मिनिटांवर आणला. शनिवारी रात्री खाती ओढली. ३१ पैकी सहा साइट पीएचपी ८ वर पांढऱ्या पडल्या, जुन्या थीममुळे. रविवार त्यात गेला. तिन्ही दिवाळी अंकांत २०१९ नंतर काही नवीन चढलं नव्हतं. त्यांची पानं उतरवून साधी एचटीएमएल करून ठेवली. आता त्यांना पीएचपी नको, डेटाबेस नको. संपादकांना फोन केला, त्यांना अंक वाचता येतोय एवढंच हवं होतं. शाळेची साइट नव्याने बांधतोय.

पतसंस्थेचं वेब फॉर्म्सच निघालं. हिशेबनीस यांनी सांगितलं तसं सचिवांना समजावलं, वेगळा विंडोज २०२२ सर्व्हर मंजूर झाला.

आणि शाईची दौत ताई, तुमचे फार आभार. नऊ डेटाबेस लॅटिन१ निघाले. त्यात एका वाचनालयाची ११ हजार पुस्तकांची सूची. तुमच्या पद्धतीने डंप घेतला, आयात केला, पान उघडलं आणि पहिल्याच ओळीत ‘अमृतानुभव’ नीट दिसलं तेव्हा मी आणि तो मुलगा दोघंही उठून उभे राहिलो. जुन्या सर्व्हरवर सूची कशीही उलटसुलट लागायची, कारण डेटाबेसला ती मराठी आहे हेच माहीत नव्हतं. आता अकारापासून लागते.

काल ग्रंथपाल बाईंचा फोन आला. सूची लावलेली फार आवडली, पण ‘क्षितिज’ आणि ‘क्षमा’ ने सुरू होणारी पुस्तकं क च्या गटात शेवटी बसली आहेत, आणि ‘ज्ञानेश्वरी’ ज मध्ये. त्यांच्या कार्डांच्या कपाटात क्ष आणि ज्ञ चे खण सगळ्यात शेवटी आहेत, आणि वाचक तिथेच शोधतात. कोलेशन (डेटाबेसचा क्रम लावायचा नियम) युनिकोड सीआय ठेवलंय. वर्णमालेप्रमाणे क्ष, ज्ञ शेवटी आणायला कुणी वेगळा कॉलम करून क्रम लावलाय का? कसा लावलात ते सांगा, या आठवड्यात करून द्यायचं कबूल केलंय.

शाईची_दौत

केलंय मी. शीर्षकाच्या शेजारी क्रमासाठी वेगळा कॉलम ठेवा आणि त्यात फक्त सुरुवातीच्या क्ष आणि ज्ञ च्या जागी ह च्या नंतर लागेल असं चिन्ह घाला. पुस्तक भरताना तो कॉलम ट्रिगरने (डेटाबेसमध्ये आपोआप चालणाऱ्या आज्ञेने) आपोआप भरतो. ट्रिगर माझ्याकडे आहे, संध्याकाळी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.